कागद आणि पत्रा

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स गाडी, विकत घ्यायला निघालेल्या माणसाने आधी बॉनेट उघडू नये. आधी गाडीच्या कागदांची फाइल उघडावी, मग दार. इंजिन शेवटी पाहिले तरी चालते, कारण या गाडीचे इंजिन दुरुस्त करणे हे तिच्यावरच्या सगळ्या कामांतले सोपे आणि त्यातल्या त्यात स्वस्त काम आहे. फाइलमध्ये काय लिहिले आहे आणि दाराखालच्या पत्र्यात काय उरले आहे, या दोन्हींचा मेळ बसला की समोर उभी असलेली गाडी नेमकी कोणती हे कळते. नुसती जाड फाइल पुरत नाही आणि नुसता चकचकीत रंगही पुरत नाही.

एमजीबी जाहीर झाली सप्टेंबर १९६२ मध्ये. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला अ‍ॅबिंग्डन नावाचे छोटे गाव आहे, तिथल्या कारखान्यात ती जोडली जाई. मुख्य अभियंता होते सिड एनेव्हर, आणि तिच्या बाह्यरूपाचे रेखाटन डॉन हेटर यांचे. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला तोवर पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या होत्या. उघड्या रोडस्टरच्या जोडीला १९६५ पासून जीटी हे छपराचे रूप आले. इंजिन सगळ्या काळात जवळपास तेच राहिले: १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे बी-सिरीज. सुरुवातीला क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंगे होती, १९६४ च्या ऑक्टोबरपासून पाच झाली. जुन्या गाड्यांत दोन एसयू कार्ब्युरेटर होते आणि ताकद ९५ अश्वशक्ती सांगितली जाई.

हे सगळे कोणत्याही माहितीपत्रकात सापडते. खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. एमजीए या आधीच्या मॉडेलला स्वतंत्र चेसिस होती. एमजीबीला ती नाही. तिचे अंग म्हणजेच तिचा सांगाडा. जीटीला निदान छप्पर तरी आहे. रोडस्टरला तेही नाही, त्यामुळे पुढची आणि मागची चाके एकमेकांपासून ९१ इंचांवर धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने दोन सिल करतात. सिल म्हणजे दाराच्या उंबरठ्याखाली दोन्ही बाजूंनी धावणारी पत्र्याची बंद पेटी. कौलारू घरात तुळई कुजली की भिंती रंगवून उपयोग नसतो, तसेच हे आहे. आणि याच पेटीत पाणी शिरते, चिखल साठतो, इंग्लंडमधल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ त्यात विरघळते.

आधी फाइल. गाडीच्या बॉनेटखाली एक छोटी पट्टी असते, तिच्यावर गाडीचा कारखान्यातला क्रमांक असतो, त्यालाच चेसिस क्रमांक म्हणतात. १९६२ च्या रोडस्टरवर तो जीएचएन३ ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाच्या आकाराचा वर्ग, एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी. जीटी असेल तर एनच्या जागी डी. पुढे एल आला तर गाडी डाव्या स्टिअरिंगची म्हणून बनली. १९६७ च्या अखेरीपासून आकडा ४ झाला, १९७० सालच्या मॉडेलपासून ५. उजव्या स्टिअरिंगची गाडी इंग्लंडमध्ये विकायला उभी आहे आणि क्रमांकात एल आहे, याचा अर्थ ती परदेशातून, बहुधा अमेरिकेतून, परत आणून बदललेली आहे. यात काही वाईट नाही. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातल्या गाडीचे सिल इंग्लंडमध्येच राहिलेल्या गाडीच्या सिलपेक्षा शंभर पटींनी चांगले असू शकतात. फक्त विकणाऱ्याने ते सांगितलेले असावे आणि किंमत त्या हिशेबाने असावी.

ही पट्टी काढता आणि बसवता येते, म्हणून एकट्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नसतो. वॉरविकशरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदवह्या आहेत आणि तिथून शुल्क भरून त्या गाडीचे हेरिटेज प्रमाणपत्र मिळते. गाडी कोणत्या तारखेला बनली, रंग कोणता, आतले कव्हर कोणते, इंजिन क्रमांक काय, कारखान्यातून कोणत्या विक्रेत्याकडे किंवा देशात गेली, तारांची चाके, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवून वेगाने जाऊ देणारा जादा गिअर) असे जादा काय बसवले होते, हे त्यात येते. गाडी घेण्याआधी हा कागद मागवावा. घेतल्यावर मागवणारे पुष्कळ असतात.

प्रमाणपत्रावरचा इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळला नाही की लोक लगेच नाक मुरडतात. मला हे पटत नाही. साठ-सत्तरच्या दशकात इंजिन थकले की ते कारखान्याला परत देऊन त्याबदली 'गोल्ड सील'चे नूतनीकरण केलेले इंजिन घेणे ही सरळ, अधिकृत पद्धत होती. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचे ते तसेच व्हायचे. अशा बदलाचे बिल फाइलमध्ये असेल तर तो त्या गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. त्रासदायक ठरतो तो न सांगितलेला बदल. १९६३ ची म्हणून विकली जाणारी गाडी आणि तिच्यात १८जीबी ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे, म्हणजे पाच बेअरिंगांचे इंजिन, आणि त्याबद्दल फाइलमध्ये एक अक्षर नाही, असे दिसले की बाकीच्या दाव्यांकडेही बारकाईने पाहावे.

मालकीचे कागद दोन काळांचे असतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमध्ये नोंदणी काउंटी किंवा शहराच्या कौन्सिलकडे असे, आणि गाडीसोबत पिवळट पुठ्ठ्याचे लॉगबुक फिरे. प्रत्येक नव्या मालकाचे नाव, पत्ता, तारीख आणि कार्यालयाचा शिक्का त्यावर ओळीने असे. पुढे सगळे काम वेल्समधल्या स्वान्सी इथल्या वाहन नोंदणी कार्यालयाच्या संगणकावर गेले आणि आताच्या व्ही५सी या नोंदणीच्या कागदावर आधी किती जण होते एवढाच आकडा राहिला. १९८३ पर्यंत ज्या गाड्या संगणकावर चढल्या नाहीत त्यांचे मूळ नोंदणी क्रमांक निसटले. कोठारात पडून राहिलेली गाडी आज रस्त्यावर आणताना मूळ क्रमांक परत हवा असेल तर व्ही७६५ अर्ज, जुना मूळ कागद आणि मान्यताप्राप्त क्लबची शिफारस लागते. म्हणून ते पिवळट लॉगबुक कितीही फाटके असले तरी फेकू नये, चिकटपट्टीही लावू नये. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपावे.

व्ही५सी वर स्पष्ट लिहिलेले असते की हा मालकीचा पुरावा नाही. तो गाडी कोणाच्या ताब्यात नोंदलेली आहे एवढेच सांगतो. आपल्याकडच्या आरसी बुकची सवय असलेल्या माणसाला हा फरक लक्षात येत नाही आणि लंडन-लेस्टरकडे राहणारे आपले लोक जुनी गाडी घेताना इथेच घाई करतात. विक्रीची पावती हवी: दोघांची नावे, तारीख, रक्कम, गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चेसिस क्रमांक. आधीच्या मालकांच्या पावत्या मिळाल्या तर त्यांची साखळी कुठे तुटते ते पाहावे. मग जुनी एमओटी प्रमाणपत्रे, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचे दाखले, तारखेप्रमाणे लावावीत. त्यांवर त्या दिवशीचे मैल लिहिलेले असतात, आणि जुन्या गाड्यांचा ओडोमीटर पाच आकडी असल्यामुळे ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. '४३,००० मैल' हे ४३,००० आहेत की १,४३,००० हे घड्याळ सांगत नाही, प्रमाणपत्रांची माळ सांगते.

आता दार. दार बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट वरून खाली पाहावी. साधारण चार-पाच मिलिमीटर, सगळीकडे सारखी, ही चांगली खूण. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्ये वाकली आहे. मग सिलखाली कारखान्याने दिलेल्या जॅकच्या जागी गाडी उचलावी आणि दार उघडून बंद करून पाहावे. दार अडकले किंवा फट डोळ्यांदेखत बदलली तर पेटीत दम उरलेला नाही. जॅक पत्र्यातच घुसू लागला तर पुढची तपासणी करायची गरज नाही.

सिलमध्ये एकाच्या मागे एक असे थर आहेत. बाहेरून दिसतो तो बाहेरचा सिल. त्याच्या मागे मधला उभा पडदा. त्याच्या आत केबिनच्या बाजूचा सिल. आणि तळाशी, जमिनीच्या पत्र्याला मिळणारी घडीची पट्टी, जिला तिथले कारागीर कॅसल रेल म्हणतात. शिवाय बाहेरचा सिल दाराइतकाच लांब नसतो. पुढे तो फेंडरच्या आत शिरतो, मागे मागच्या फेंडरच्या खालच्या कोपऱ्याच्या आत. म्हणजे सिल नीट बदलायचा तर पुढचा फेंडर काढावा लागतो आणि मागच्या फेंडरचा, चाकाच्या कमानीपुढचा खालचा तुकडा कापावा लागतो. हे करण्यात वेळ जातो, म्हणून गेली पन्नास वर्षे वाईट कारागीर एकच गोष्ट करत आले आहेत: गंजलेल्या सिलवर नवा पातळ पत्रा ठोकून, कडेने वेल्डिंगचे टिपके देऊन, लांबी (पुट्टी) भरून, वरून काळा डांबरी रंग मारणे. पुढच्या तपासणीपुरती गाडी पास होते. आतला गंज मात्र आता बंद खोलीत आरामात वाढतो.

ही लबाडी ओळखायच्या जागा ठरलेल्या आहेत. दाराच्या पुढे, फेंडर आणि सिल जिथे मिळतात तिथे एक उभी सांधरेषा दिसली पाहिजे, मागेही तशीच. रेषा भरून टाकलेली असेल तर प्रश्न विचारावा. गाडीखाली सिलच्या खालच्या कडेवर कारखान्याच्या स्पॉट वेल्डचे गोल खळगे समान अंतरावर असतात. त्याऐवजी वेल्डिंगची जाड ओबडधोबड रेघ आणि दोन-तीन पत्र्यांची जाडी दिसली तर वरून ठिगळ आहे. कागदात गुंडाळलेले छोटे चुंबक सिलवर आणि मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यावर फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे लांबी आहे. आतून गालिचा उचलून जमीन आणि आतला सिल यांच्या कोनात अंगठ्याने दाबावे. दाबायला मालकाची परवानगी घ्यावी. नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

दुरुस्तीची रीत अशी. पेट्रोलची टाकी काढावी. बॅटरी काढावी, आणि बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाणारी जाड केबल जमिनीखालून जाते ती सोडवून बाजूला करावी. ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइपही त्याच अंगाने जातात. या तिन्हींकडे दुर्लक्ष करून वेल्डिंग सुरू केल्यामुळे लागलेल्या आगींचे किस्से इंग्लंडमधल्या कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळतात. गाडी समतल उभी करावी, आणि स्टँड पुढच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या तुळईच्या) जागी आणि मागच्या स्प्रिंगांच्या पुढच्या टांगणीखाली द्यावेत, म्हणजे रस्त्यावर वजन जिथून येते तिथूनच ते येईल. मध्ये टेकू देऊन सिल कापला की गाडी त्याच वाकलेल्या आकारात कायमची शिवली जाते. नंतर कितीही ठोकले तरी दार बसत नाही.

दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांचा आधार पक्का करावा. फटींची मापे सगळीकडे घेऊन मास्किंग टेपवर तिथेच लिहावीत. एका वेळी एकच बाजू. पुढच्या फेंडरचे बोल्ट सोडावेत, त्यांतले काही डॅशबोर्डच्या खालून हात घालूनच सापडतात आणि बहुतेक तुटतात. मग बाहेरच्या सिलचे स्पॉट वेल्ड कटरने उडवावेत. बाहेरचा पत्रा निघाला की खरे चित्र दिसते. मधला पडदा खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये जाळी झालेला असतो, आणि कॅसल रेल पुढच्या टोकाला, चाकाने उडवलेला चिखल जिथे पोचतो तिथे, नाहीशी झालेली असते. दोन्ही बदलावीत. बाहेरचा सिल नवा आणि पडदा जुना, असे अर्धे काम करून पैसे वाचत नाहीत.

नव्या पत्र्याच्या मिळणाऱ्या कडा उघड्या धातूपर्यंत घासून त्यांवर वेल्डिंग सहन करणारा जस्ताचा प्रायमर लावावा. कारखान्याच्या स्पॉट वेल्डच्या जागी प्लग वेल्ड करायचे तर वरच्या पत्र्याला २५ ते ४० मिलिमीटर अंतरावर भोके पाडावीत. सगळे तुकडे क्लॅम्पने धरावेत, आणि इथे थांबावे. दार टांगावे. पुढचा फेंडर दोन-चार बोल्टांवर सुका बसवावा. टेपवरच्या मापांशी फटी ताडून पाहाव्यात. जमले नाही तर क्लॅम्प सोडून पुन्हा. जमले की थोडे टिपके, पुन्हा दार, मग पूर्ण वेल्डिंग, तेही एका टोकाकडून सलग न करता आलटून पालटून, म्हणजे उष्णतेने पत्रा ओढला जाणार नाही. आधाराच्या नळ्या दोन्ही बाजू पुऱ्या होऊन थंड झाल्याशिवाय काढू नयेत. या कामाचा अर्ध्याहून जास्त वेळ मोजण्यात आणि दार लावून पाहण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा. बिलावर जो कारागीर हे तास दाखवतो तो महाग वाटतो. मला तोच भरवशाचा वाटतो.

बाकीच्या गंजाच्या जागा याच क्रमाने येतात, आणि कारण बहुतेकदा एकच: चिखल साठतो आणि ओला राहतो. हेडलॅम्पच्या मागे फेंडरच्या आतला कप्पा. दाराच्या पुढचा फेंडरचा खालचा भाग, जिथे आतल्या पडद्याचा रबर सुटला की माती भरते. आसनांमागच्या बॅटरीच्या पेट्या. १९७४ च्या शरद ऋतूपर्यंत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, आणि वरून अ‍ॅसिड, खालून रस्त्याचे पाणी अशा दोन्ही बाजूंनी त्या पेट्या खाल्ल्या जातात. त्यांच्या जवळच मागच्या स्प्रिंगची टांगणी आहे, म्हणून बॅटरीची पेटी कुजलेली दिसली की टांगणीवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. दाराच्या वरच्या कडेला, छोट्या तिकोनी काचेच्या पायथ्याशी पत्र्याला तडा जातो. तो गंजाने नव्हे, काचेच्या चौकटीच्या हेलकाव्याने. नुसता वेल्ड केला तर पुन्हा जातो, आतून पट्टी द्यावी लागते.

रंग उतरवताना बॉनेट आणि दारांवर वाळूचा मारा करू नये, सपाट पत्रा गरम होऊन लाटा उठतात. जुन्या गाड्यांचे बॉनेट तर अ‍ॅल्युमिनियमचे आहे. अ‍ॅसिडच्या हौदात सगळे अंग बुडवले तर गंज जातो खरा, पण सांध्यांत राहिलेले अ‍ॅसिड दोन-तीन वर्षांनी नव्या रंगाखालून बाहेर येते. मूळ रंग शोधायचा असेल तर हीटरचे खोके काढून त्याच्या खालच्या बैठकीवर पाहावे. तिथे पुन्हा रंग मारायचे कष्ट सहसा कोणी घेतलेले नसतात. ओल्ड इंग्लिश व्हाइट, टार्टन रेड, आयरिस ब्लू, चेल्सी ग्रे, ही पहिल्या वर्षांची नावे. प्रमाणपत्रावर आयरिस ब्लू असेल आणि हीटरखाली लाल निघाला, तर अंग दुसऱ्या गाडीचे असू शकते. कागद आणि पत्रा समोरासमोर येतात ते अशा जागी.

अंगच बदललेले असेल तर? १९८८ पासून मूळ साच्यांवरून दाबलेले, संपूर्ण नवे एमजीबीचे अंग ब्रिटिश मोटर हेरिटेजकडून मिळू लागले. अतिशय कुजलेल्या गाडीसाठी ते दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडू शकते आणि निश्चितपणे जास्त मजबूत असते. मग जुन्या गाडीतून उरते काय? इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग, आसने, क्रमांक. हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला होता, एमजीबीबद्दल नव्हे तर 'ओल्ड नंबर वन' या बेंटली स्पीड सिक्सबद्दल. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली ही गाडी. वुल्फ बार्नाटो दोन्ही वेळा चालक, पहिल्यांदा टिम बर्किन सोबत, दुसऱ्यांदा ग्लेन किडस्टन. पुढच्या काळात तिचे अंग, इंजिन, चेसिस असे बरेच काही बदलत गेले. सुमारे एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर खरेदीदाराने ती खरी गाडी नाही म्हणून हात आखडला. न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडीचा इतिहास कुठे खंडित झालेला नाही, ती कधी नाहीशी होऊन दुसऱ्या रूपात उगवली नाही, म्हणून ती ते नाव लावू शकते, असा त्याचा गाभा.

माझ्या मते एमजीबीच्या मालकानेही हाच आधार धरावा. १९६४ ची गाडी अमुक वर्षी नव्या अंगावर बांधली, हे बिल, हे छायाचित्र, जुने अंग भंगारात दिले त्याची पावती, असे उघड लिहिलेली गाडी खरी आहे. तेच लपवून 'मूळ पत्रा' म्हणून विकलेली गाडी खोटी आहे, मग तिचा प्रत्येक नट कारखान्याचा असला तरी.

भारतात हा मुद्दा नियमातच आला आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हीए मालिकेची वेगळी नोंदणी आहे. महाराष्ट्रात क्रमांकात एमएचनंतर व्हीए येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. रोजच्या वापराला परवानगी नाही. आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चेसिस, अंग किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे मुंबई-पुण्यात कोणी जुनी एमजी उभी करत असेल तर मूळ पत्रा जितका वाचवता येईल तितका वाचवणे, आणि काय वाचवले ते दाखवता येणे, याला तिथे कायद्याचेही वजन आहे.

यंत्राबद्दल मोजकेच, पण जिथे लोक हमखास चुकतात तिथले. क्लच प्लेट बदलायला इंजिन बाहेर काढावे लागते, म्हणून इंजिन कोणत्याही कारणाने बाहेर आले की क्लच, त्याचे कार्बनचे रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या मागच्या बाजूची गळती एकदमच पाहावी. गिअरबॉक्समध्ये इंजिनचेच २०डब्ल्यू-५० तेल जाते. ओव्हरड्राइव्ह तेच तेल वापरतो, त्यात गिअर ऑइल ओतले की तो बिघडतो. पुढच्या चाकांच्या किंगपिनला (ज्या उभ्या दांड्यावर चाक वळते त्याला) प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निप्पल आहेत आणि दर ३,००० मैलांनी त्यांना ग्रीसगन लागलीच पाहिजे. खालच्या निप्पलमध्ये जुने ग्रीस दगड झालेले असते. ग्रीस आत जात नाही, बाहेरच्या बाहेर पसरते, आणि काम झाले असे वाटते. निप्पल काढून भोक साफ करावे, मग द्यावे.

पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी आणि शिम म्हणजे पातळ चकत्या असतात. आजच्या गाड्यांच्या सवयीने काही मिस्त्री ते काढून ठेवतात आणि नट अंदाजाने आवळतात. ती नळी स्टब अ‍ॅक्सलला ताकद देते. तिच्याशिवाय अ‍ॅक्सल लवतो. शिम जास्त घालून सुरुवात करावी, नट ४० ते ७० पौंड-फुटांपर्यंत आवळावा, डायल गेजवर हबची आत-बाहेर हालचाल मोजावी आणि ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरवर येईपर्यंत एकेक शिम कमी करावा.

एसयू कार्ब्युरेटरचे ट्यूनिंग करण्याआधी थ्रॉटलच्या दांड्याची झीज पाहावी. दांडा ढिला असेल तर कडेने हवा आत ओढली जाते आणि कितीही स्क्रू फिरवले तरी आयडल जागेवर राहत नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.०१५ इंच, पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६, प्लग ०.०२५, हे आधी. मग जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी नळी) वरच्या कडेशी समतल करून दोन पूर्ण फेरे खाली, तिथून सुरुवात. इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरचा पिस्टन सुमारे ०.८ मिलिमीटर उचलावा: वेग जरासा वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर, वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी.

पेट्रोलच बदलले आहे, हा आजच्या मालकाचा मुख्य प्रश्न. भारतात आणि इंग्लंडमध्ये २००० सालापासून शिसे गेले. शिशाविना एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक हळूहळू खचते. दर वेळी टॅपेट तपासताना फट कमी झालेली आढळली तर हेच चालू आहे. हेड उघडून कठीण धातूच्या बैठका बसवाव्यात, आणि उघडले आहेच तर दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत तडा आहे का ते दाब देऊन तपासून घ्यावे. इंग्लंडमध्ये २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे) आहे, आपल्याकडे तर ई२० (वीस टक्क्यांपर्यंत). इथेनॉल जुने रबरी होज मऊ करते, टाकीतला जुना गंज आणि लाख सोडवते आणि हवेतले पाणी ओढते. सगळे होज इथेनॉल सहन करणारे घ्यावेत, बिलावर तो दर्जा लिहून घ्यावा, कार्ब्युरेटरची नीडल व्हॉल्व्ह आणि सील बदलावेत, पंपापाशी फिल्टर लावावा. पावसाळ्यात गाडी तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवणे बरे. ई२० वर मिश्रण पातळ पडते; जेटचा नट एक-दोन कडांएवढा फिरवून जेट खाली घेऊन प्लगचा रंग पाहावा.

विजेच्या कामात ल्युकासच्या (विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या) तारांच्या रंगांची भाषा पाठ असावी: तपकिरी म्हणजे बॅटरीचा कायम प्रवाह, फ्यूज नाही, पांढरा म्हणजे किल्ली फिरवल्यावरचा, हिरवा म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेला, काळा म्हणजे अर्थ (गाडीच्या अंगाला केलेली जोडणी). जुन्या गाड्यांत सगळ्या मिळून फक्त दोन फ्यूज आहेत. १९६७ च्या अखेरीपर्यंत पॉझिटिव्ह अर्थ होता, तेव्हा आजचा रेडिओ जोडण्याआधी बॅटरीची कोणती बाजू अंगाला लागली आहे ते पाहावे. दिवे मंद असतील तर वायरिंग बदलायच्या आधी प्रत्येक अर्थचा बोल्ट काढून खालचा रंग घासावा. नव्या रंगाने अर्थ तोडलेला असतो, हे रिस्टोअर केलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त आढळते.

रंग सुकल्यावर बंद पेट्यांत मेण फवारावे, आधी नाही. आधी फवारले तर वेल्डिंगच्या आणि रंगाच्या उष्णतेने ते वाहून जाते. लांब नळीचे तोंड सिलच्या दोन्ही टोकांकडून आत घालावे आणि खालच्या निचऱ्याच्या भोकांतून मेण ठिबकू लागेपर्यंत फवारावे. दुसऱ्या दिवशी ती भोके तारेने मोकळी करावीत. बुजलेले भोक म्हणजे पुन्हा तोच साठलेला पाण्याचा कोपरा. पहिल्या ५०० मैलांनंतर तेल आणि फिल्टर बदलावे, टॅपेट पुन्हा मोजावेत, हेडचे नट ४५ ते ५० पौंड-फुटांवर आहेत का पाहावे, पुढचे सस्पेन्शन आणि तारांच्या चाकांचे नट आवळावेत, आणि त्या दिवसाचा ओडोमीटरचा आकडा तारखेसह बिलावर लिहून बिल फाइलमध्ये लावावे.